कॉफीचं वळण

मी रूळ बोलतोय, डोंगराकडचा. समुद्राकडचा होता तो माझा थोरला भाऊ. एकाच भट्टीतलं पोलाद आम्ही. अमेरिकेत, ऑरेगनच्या किनाऱ्यावर, टिलर बे गावाजवळच्या वळणावर आम्हाला शेजारी ठोकलं. जन्मभर सोबत राहायचं, पण एकमेकांना शिवायचं नाही. थोरल्याच्या पलीकडे फक्त पाणी. लाटा तो अंगावर घ्यायचा, माझ्यापर्यंत नुसते शिंतोडे यायचे.

आमच्या आधी टिलर बेला यायचं तर ओहोटीची वाट बघावी लागे. टपालाचे घोडे वाळूवरून यायचे. अडलेली बाळंतीण ओहोटीपर्यंत टिकली तर वाचायची. आम्ही आलो आणि लाकडाची गिरणी उभी राहिली, सॅमन मासे डब्यात भरायचा कारखाना आला, दुधाचे कॅन शहरात जाऊ लागले, शाळेच्या खिडक्यांना काचा बसल्या. माणसं आमच्यावर खूश होती. खूश माणसं खाली वाकून बघत नाहीत.

समुद्र दर हिवाळ्यात थोरल्याच्या पायाखालचा भराव खायचा. दगड लांबून आणावा लागे. गिरणीत मात्र भुसा आणि साली ढिगांनी पडलेल्या. माणसं तेच त्या खड्ड्यात ओतायची, वर खडी पसरायची. दिसायला झकास. आत सगळं कुजायचं, तापायचं. थंड सकाळी थोरल्याच्या बाजूने वाफ निघायची.

"रुळालाही सकाळची कॉफी लागते बघ," रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमधले, फिनलंडहून आलेले फिनिश लोक हसायचे.

त्या गँगमध्ये ओन्नी होता. त्याचा मोठा भाऊ आर्वो इंजिन चालवायचा. आईबाप गेल्यावर आर्वोनेच त्याला वाढवलेलं. आर्वोचा कॉफीचा मग कायम त्याच्या हाताशी भरलेला असे. आमच्या वळणावर इंजिन समुद्राकडे कललं की कॉफी सांडायचीच. म्हणून तो इथे गाडी अगदी हळू करायचा.

"काय रे, रूळ बसवतोस की पाळणा बांधतोस?" तो वरून ओरडायचा. "तिसरी विजार खराब झाली माझी."

"दादा, मग एवढा भरतोस कशाला?"

"अर्धा मग पिणारा फिनिश माणूस पाहिलायस कधी?"

ओन्नी हसायचा, पण मनाला लावून घ्यायचा. थोरला खचला की त्याला उचलून खाली लाकडी पाचर मारायचा. पुन्हा खचला, पुन्हा पाचर. वरून आम्ही दोघं एका पातळीत. खाली थोरला पाचरींवर, पाचरी आडव्या लाकडी स्लीपरवर आणि स्लीपर पोकळीवर.

"धाकट्या, मला खाली काही लागत नाही रे," थोरला एकदा म्हणाला.

"गप. गाडी येतेय," मी म्हणालो.

फेब्रुवारीतल्या वादळानंतर ओन्नीने आणखी एक पाचर मारली आणि तिथेच उभा राहिला. गाडी हळूहळू गेली. आर्वोने भरलेला मग खिडकीबाहेर धरून दाखवला.

"एक थेंब नाही सांडला, धाकट्या. शिकलास बाबा."

ओन्नी दिवसभर शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी आर्वो ओंडक्यांनी भरलेली गाडी घेऊन आला. आता कॉफी सांडणार नव्हती, म्हणून त्याने वेग कमी केला नाही.

थोरला वाकला. त्याला धरायला मला हात नव्हते. आधी तो गेला, मग इंजिन, मग एकामागून एक डबे. मी माझ्या खिळ्यांत तसाच अडकलेला.

ओन्नी धावत आला. बांध फाटला होता, तिथे दोन्ही हातांनी भुसा उपसत राहिला. "गरम आहे रे अजून, दादा. गरम आहे," एवढंच म्हणत होता. आर्वो तिथे नव्हताच, तो पाण्याखाली होता. गरम होता तो भुसा.

पुढे रेल्वे बंद झाली, त्याच बांधावरून डांबरी रस्ता गेला. मला कापून कठड्याचा खांब केलाय. मोठ्या ओहोटीला थोरल्याचं गंजलेलं टोक वाळूतून दिसतं. ओन्नी येऊन त्याच्यापाशी बसायचा. आता तोही येत नाही.

गेल्या आठवड्यात रस्त्याची समुद्राकडची कड थोडी खचली. एक ट्रक आला, गिरणीच्या साली ओतून गेला. वर खडी, वर डांबर.

"मस्त," एक कामगार पाय आपटून म्हणाला. "आता कुणाला कळणारही नाही."

काल सकाळी तिथून वाफ निघत होती.

या वळणावर तुमची कॉफी सांडली तर चिडू नका, गाडी हळू करा. आणि सांडली नाही तर थांबा, खाली उतरा, जमिनीला हात लावून बघा. गरम लागेल.