काचेच्या नळीतले अण्णा

इंदिरानगरच्या त्या हॉलचा जिना माणसांनी भरून गेला होता. खाली औषधांचं दुकान, वर एकेकाळचा शिकवणीचा वर्ग. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि तो काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा जपून धरलेला. आतून मधूनच हुंदका यायचा, मग सगळं शांत व्हायचं. दार उघडून कुणी डोळे पुसत बाहेर आलं की रांगेतली माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची.

"बोलली का?"

"बोलली. श्वास घेतलेलासुद्धा ऐकला मी. अगदी तिचाच."

रांग एक पायरी वर सरकायची.

संजना आईच्या मागे उभी होती आणि तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. खांद्यावरची पिशवी ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. आई मात्र, म्हणजे लताबाई, शांत होत्या. गेल्या पाच महिन्यांत त्या एवढ्या शांत पहिल्यांदाच दिसत होत्या, आणि संजनाला भीती होती ती त्याचीच.

अण्णा, संजनाचे वडील, गेले ते हृदयविकाराच्या झटक्यानं. मल्हारी हे त्यांचं नाव, सरकारी कचेरीत कारकून, राहायला नाशिकरोडला. त्यांना मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा, म्हणून बारीकसारीक गोष्टीही ते बोलून पाठवायचे. ते गेल्यावर आईच्या फोनमध्ये त्यांचे ते निरोप राहिले. एक दिवस शेजारच्या आशाताई म्हणाल्या, "लताबाई, इंदिरानगरला एक जण आहेत. त्यांच्या मशीनवर माणूस नुसता ऐकू येत नाही, जवळ येतो." आई गेल्या, आणि जातच राहिल्या.

घरात दोन पिढ्या देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचं कपाट. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन तिथे जायचे आणि घुमणाऱ्या बाईला म्हणायचे, "दम लागला असेल, पाणी प्या." अशा घरातली बाई इथे कशी आली, हे संजनाला कळेना. तिनं विचारलं तेव्हा आईनं शांतपणे सांगितलं, "तिथे लिंबू आहे का? अंगारा आहे का? मशीन आहे, संजना. तूही दवाखान्यात लोकांना हेडफोनच घालतेस ना?"

संजना गंगापूर रोडवरच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची.

गेल्या रविवारी ती आईबरोबर पहिल्यांदा इथे आली. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी चादर, चादरीवर एका कडेला लॅपटॉप आणि शेजारी शेजारी दोन ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारे डबे. एक साधा काळा डबा. दुसऱ्याच्या डोक्यावर काचेच्या दोन नळ्या, आत निखाऱ्यासारखा उजेड. टेबलामागे पांढऱ्या सदऱ्यातले यादवराव. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

"या काळ्या डब्यात ट्रान्झिस्टर आहे," यादवराव सांगत होते. "ट्रान्झिस्टर कशाचा? वाळूचा. मेलेल्या वाळूतून तुमचं माणूस कसं येईल? आणि ही बघा निर्वात नळी. जुन्या रेडिओत असायची तीच, व्हॉल्व्ह. आत हवा नाही, नुसता विस्तव. आत्म्याला हवा लागते का? नाही लागत. म्हणून तो इथे उतरतो." मग लताबाईंकडे वळून हसत म्हणाले, "तुमच्यात निर्वाण म्हणतात ना, ताई? ते आणि निर्वात, एकच."

अण्णा असते तर याच क्षणी त्यांनी पाणी मागवलं असतं, असं संजनाला वाटून गेलं.

"आणि फसवणूक म्हणाल, तर दोन्ही बटणं बघा." दोन्ही डब्यांच्या आवाजाच्या बटणांवर कुंकवाचा एकेक ठिपका होता, आणि दोन्ही बटणं बरोबर ठिपक्यावर. "दोन्हीकडे सारखंच. मी हात लावत नाही. तुमचे कान आणि तुमचं माणूस."

आईचा फोन वायरनं दोन्ही डब्यांना जोडला होता. आईनं हेडफोन संजनाच्या डोक्यावर चढवला. आधी काळा डबा. *लता, मेथी जून आहे. चाकवत घेऊ का? फोन उचलत नाहीस. बरं, घेतो.* अण्णाच होते, पण फोनमधले. मग यादवरावांनी हेडफोनची पिन काढून नळीवाल्या डब्यात खोचली. "काचेकडे बघ, बाळ." शब्द तेच. पण अण्णा आता तिच्या कानामागे उभे होते. 'बरं' म्हणण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास तिला ऐकू आला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मल्हारीराव, आलात का?" यादवरावांनी विचारलं, आणि हेडफोनमध्ये बारीक घंटा वाजावी तसं झालं. टिंग.

मग त्यांनी विलयाचा विधी समजावून सांगितला. आवाज फोनाफोनांत विखुरलेला असला की माणूस अडकून पडतं. तो एकदा इथे नळीत उतरवून घ्यायचा आणि बाकी सगळीकडून पुसून टाकायचा, स्वतःच्या हातानं. नंतर दर पौर्णिमेला यायचं, यथाशक्ती काही ठेवायचं आणि ऐकायचं. आईनं मान डोलावली. पुढच्या रविवारी पौर्णिमा होती, तोच दिवस ठरला.

परतताना रिक्षात संजना म्हणाली, "पुसण्याआधी मी कॉपी करून ठेवते."

"मी शब्द दिलाय," आई म्हणाल्या. "तू चोरून घेतलंस तर मला कळणार नाही. पण ह्यांना कळेल."

चोरून घेणं सोपं होतं. फोन रोज दुपारी कपाटावरच पडलेला असायचा. दोनदा ती तिथपर्यंत गेली आणि परत फिरली. आईला फसवून अण्णा वाचवायचे, तर मग त्या टेबलामागच्या माणसात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. आई फसते आहे, एवढंच असतं तर ती नुसती चिडली असती. पण श्वास तिनंही ऐकला होता. कानांवरच जिचं पोट, त्या बाईचे कान तिच्याशी खोटं बोलले, की खरंच काही होतं?

गुरुवारी दवाखान्यात एक आजी काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसल्या होत्या. आवाज आला की हात वर करायचा. संजनानं आवाज सोडला नव्हता, तरी आजींनी हात वर केला. हे रोजचंच. ज्याला फार मनापासून ऐकायचं असतं, त्याला ऐकू येतं. म्हणून तर रुग्णाची खुर्ची यंत्राकडे पाठ करून असते. बटणावरचा हात दिसला की कान डोळ्यांचंच ऐकतात.

संजनाचा हात बटणावरच थांबला. त्या हॉलमधली खुर्ची काचेकडे तोंड करून होती. आणि कुंकू? दोन डबे वेगवेगळे, त्यांची बटणंही वेगळी. दोन वेगळे नळ सारखेच फिरवले म्हणून धार सारखी पडते का?

म्हणून आज, ठरलेल्या रविवारी, पिशवीत तिनं दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र घेतलं होतं.

त्यांच्याआधी इगतपुरीकडचे सावळीराम आत गेले होते. भाताची शेती, डोक्याला मफलर. ऐकून झालं तरी ते भिंतीशी बाकावर बसून राहिले होते. बायकोचा, सगुणाबाईंचा आवाज त्यांनी मागच्या पौर्णिमेलाच पुसला होता. आता ती फक्त इथेच ऐकू यायची.

"या ताई," यादवराव म्हणाले. "फोन उघडा. आधी उतरवून घेऊ, मग तुमच्या हातानं पुसा."

लताबाईंनी फोन पुढे केला. संजना मध्ये आली. "पुसण्याआधी एक विनंती आहे. आईनं टेबलाकडे पाठ करून बसावं आणि सांगावं, अण्णा कुठल्या डब्यात येतात. बरोबर सांगितलं तर मी स्वतः पुसते."

"परीक्षा घेतली की आत्मा रुसतो, बाळ."

"रुसू द्या की," बाकावरून सावळीराम म्हणाले. "माझी सगुणा जनमभर रुसतच व्हती. तरी बोलायची थांबली नाय."

हॉलमध्ये हशा पिकला. यादवरावही हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

संजनानं यंत्र काढलं आणि हेडफोनचा कप त्यावर दाबून धरला. आधी काळा डबा कुंकवावर, मग नळीचा डबा कुंकवावर. "नळीचा आवाज तीन डेसिबलनं मोठा आहे," ती म्हणाली.

"म्हंजी किती?" सावळीरामांनी विचारलं.

"बोलता बोलता तुम्ही माझ्याकडे एक पाऊल सरकलात तर पडेल तेवढा. एवढ्या फरकाला माणूस आवाज वाढला असं म्हणत नाही. माणूस जवळ आलं असं म्हणतो."

तिनं काळ्या डब्याचं बटण कुंकवाच्या पुढे नेलं आणि यंत्रावर दोन्ही आवाज सारखे केले. मग खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ करून बसली. "आधी माझी परीक्षा. आई, पिन तू बदल. वाटेल तशी."

लताबाईंनी पिन धरली. चाकवताचा निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहिला. संजना सांगत गेली: नळी, काळा, काळा, नळी. डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे. शेवटी वळून तिनं विचारलं, "काय झालं?"

"निम्मी चुकलीस," आई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "आणि आवाज भरून आला तुझा, तो काळ्या डब्याला." त्या चिडल्या होत्या. "तुझे कान गेलेत. ऊठ, मला बसू दे."

"बस. मी एक बदल करणार आहे, नंतर सांगते. सावळीरामकाका, पिन तुम्ही धरा."

सगळ्यांना दिसेल असं तिनं काळ्या डब्याचं बटण आणखी थोडं पुढे सरकवलं. पाठमोऱ्या आईला काही दिसत नव्हतं. पिन आधी नळीच्या डब्यात गेली.

"हा काळा डबा," लताबाई म्हणाल्या. "हे लांब आहेत."

सावळीरामांनी पिन काढून काळ्या डब्यात खोचली. लताबाईंचा हात सावकाश वर आला. "आले. हे बघा, आले. श्वास ऐकू येतोय."

सावळीराम वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, पिन काळ्यातच हाय."

लताबाई वळल्या. त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग उजळलेल्या काचेकडे, मग परत पिनेकडे. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "काळ्याचा आवाज मी थोडा वाढवला होता, आई," संजना म्हणाली. "तोच बदल."

"आज आत्म्यानं वाळूसुद्धा पावन केली," यादवराव म्हणाले. या वेळी हसलं ते कुणीतरी मागे, एकटंच. यादवराव घाईनं पुढे म्हणाले, "आणि घंटा? ती काय आवाज वाढवून वाजते?"

संजनानं हेडफोन सावळीरामांना घालायला दिला, पिन नळीच्या डब्यात लावली आणि बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक केलं. "वाजली?"

"वाजली."

"कुणाला बोलावलं मी?"

"कुणालाच नाय. टेबल ठोकलंस."

"नळीच्या आत बारीक तारा आणि पत्रे असतात. नळी जुनी झाली की ते सैल होतात. धक्का बसला की थरथरतात आणि ती थरथर हेडफोनमध्ये वाजते." तिनं चादरीचं टोक उचललं. यादवरावांचा उजवा पाय चपलेतून बाहेर होता आणि अंगठा टेबलाच्या पायाला टेकलेला होता.

"पाय अवघडला होता," यादवराव म्हणाले, आणि त्यांनी तो मागे घेतला.

सावळीरामांनी हेडफोन काढला. त्यांचा चेहरा उतरला होता. "मंग माझी सगुणा?"

"आवाज तिचाच आहे, काका. तो तुमच्या फोनमध्ये होता, तेवढाच इथे आला. या काचेनं त्यात काही घातलं नाही." ती यादवरावांकडे वळली. "त्यांचा आवाज त्यांच्या फोनमध्ये परत घाला. ज्यांचे ज्यांचे घेतलेत, त्या सगळ्यांचे."

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. पुन्हा रांग लागली, ती आता यादवरावांच्या लॅपटॉपपुढे. सावळीराम पहिले होते.

"या नळीशी माझं भांडण नाही," संजना म्हणाली. "तिचा आवाज काही लोकांना गोड लागतो, लागू दे. माठातलं पाणी कुणाला आवडतं, तशी ती आवड आहे. पण कुणी चमत्कार दाखवायला लागलं, मग तो लिंबावर दाखवो नाहीतर मशीनवर, तर त्याला एवढंच सांगा: मी पाठ करून बसते, आता दाखवा. खरं असेल ते पाठीमागूनही खरंच असेल. तो नको म्हणाला, तर उठून घरी जा. आपलं माणूस गेलेलं असतं तेव्हा आपण काहीही ऐकायला तयार असतो. मीही होते. म्हणूनच तेव्हा तपासायचं."

दोघी जिना उतरल्या. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर लताबाई बसल्या आणि त्यांनी फोनवर निरोप लावला. हेडफोन नाही, काही नाही. रिक्षांच्या आवाजात अण्णांचा आवाज पत्र्यासारखा वाजला. *लता, मेथी जून आहे.*

"एवढाच होता आवाज ह्यांचा?"

"एवढाच उरलाय, आई."

"आणि श्वास? तो तरी खरा होता का?"

संजनानं फोन कानाला लावला. हा श्वास तिनं गेल्या रविवारी ऐकला होता, पण कशाचा ते तिला आत्ता कळलं. "खरा आहे," ती म्हणाली. "पिशवी घेऊन चालत होते. दम लागला होता त्यांना."

त्या निरोपानंतर अण्णा महिनाभरही जगले नव्हते. संजनानं पिशवीतली बाटली काढून, झाकण उघडून आईच्या हातात दिली. लताबाई पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं आणि फोन लेकीच्या मांडीवर ठेवला.

"घे, उतरवून घे. आशाताईंच्या फोनवरही पाठव," त्या म्हणाल्या. "विखुरले तर विखुरू देत."