काचेतली लाली

रविवारी सकाळी संग्राम काचेचं कपाट उघडून बसला की घरात कुणी जोरात शिंकायचंही नाही, हा त्या घराचा न लिहिलेला कायदा होता.

मंगळवार पेठेतल्या माडीवरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत त्या कपाटानं अडवलेली. आत बोटाएवढे प्लॅस्टिकचे शिपाई ओळीनं उभे. कुणी पाणबुड्या, कुणी मुखवटेवाला, कुणी पाठीवर दोरखंड घेतलेला. मान, कोपर, गुडघे, कंबर, सगळं वळणारे. संग्राम शाळेत होता तेव्हा हे शिपाई दुकानांत आले होते. साचे परदेशी, पण रंग इथल्या कारखान्यात दिलेला, आणि तोही जो डबा हाताला लागेल त्यातला. तिकडे ज्याची विजार काळी, तो इथे पोपटी विजारीत. पेठेतल्या बाकीच्या पोरांनी आपापले शिपाई दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी पहाऱ्याला उभे केले, भिजवले, गटारात घालवले. संग्रामनं मात्र जपले. आता दोन हजार पाच साल चालू होतं, आणि त्याच पोपटी विजारीसाठी अमेरिकेतले लोक जीव टाकतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

अमेरिकेतले टाकू देत, निशिगंधा मनात म्हणायची. घरातल्यानं टाकू नये म्हणजे झालं.

नवी नवरी असताना एकदा तिनं हौसेनं कपाटाकडे हात पुढे केला होता. "हात धुवून ये आधी," संग्राम म्हणाला होता, "कांद्याचा वास येतोय." ती साबण लावून, पदराला हात पुसत परत आली, तोवर त्यानं कपाट लावून टाकलं होतं. त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. तिनं पुन्हा हात पुढे केला नाही.

त्या फौजेत बाई एकच. लाल केसांची, म्हणून तिचं नाव लाली. उजव्या हाताचा अंगठा तुटलेला. बंदूक धरायला दिली की या शिपायांचा पहिल्यांदा अंगठाच जातो. साखरपुड्यानंतर दोघं रंकाळ्यावर भेटले तेव्हा संग्रामनं रुमालात गुंडाळलेली लाली खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवली होती. "अंगठी घरच्यांनी दिली. ही माझ्याकडनं." मैत्रिणींना सांगताना तिला लाज वाटली होती, पण लाली मात्र रोज रात्री उशीखाली होती. लग्नानंतर ती निशिगंधाच्या बॅगेतूनच या घरात आली. आठवडाभरानं संग्राम म्हणाला, "हिला कपाटात ठेवू या. बाहेर धूळ बसंल." तिनं दिली. तेव्हापासून लाली काचेच्या आत आणि निशिगंधा काचेच्या बाहेर.

आणि मग प्रीती उगवली.

सायबर कॅफेत बसून संग्राम जुन्या खेळण्यांच्या कुठल्याशा गटात लिहायचा. तिथल्या एका माणसाशी त्याचं भारी जमलं. दोन महिने दोघं एकमेकांना इंग्रजीत पत्रं पाठवत होते. शेवटी कळलं की तो माणूस म्हणजे इचलकरंजीची मुलगी आहे. वडिलांचे कबनूरला यंत्रमाग, भाऊ परदेशी स्थायिक, आणि भावानं मागं टाकलेली खेळण्यांची ट्रंक हिच्या ताब्यात.

पहिल्या रविवारी ती आली ती थेट एसटीतून उतरून. कपाळावर घाम, हाताला दांडीची धूळ. तिनं हात धुतले नाहीत. संग्रामनं तिला धू म्हटलंही नाही. पाणबुड्या उचलून सरळ तिच्या हातात दिला.

पोह्यांच्या बशा घेऊन निशिगंधा दारातच थबकली.

"याची कंबर सैल झालीय, संग्रामदादा," प्रीती म्हणाली. "आतली रबरी रिंग गेली."

"अगं, कार्बोरेटरची बारीक रिंग येती न्हवं? ती फिट बसतीय. माझ्या दुकानात ढीगभर हायत."

"खोटं!"

"आईशप्पथ. थांब, दावतो."

त्यानं शिपायाच्या पाठीचा स्क्रू काढला. पाणबुड्याचे दोन तुकडे झाले आणि दोघांची डोकी त्या तुकड्यांवर वाकली. सहा वर्षांत संग्राम एवढा हसलेला निशिगंधानं पाहिला नव्हता. स्पेअर पार्टच्या दुकानातून घरी आलेल्या माणसाजवळ हसू उरायचंच नाही. लेक ईश्वरी बोलायला लागली तेव्हाही तो एवढा हसला नव्हता.

प्रीती दादा म्हणत होती. नजर स्वच्छ होती. तसलं काही नव्हतं, हे निशिगंधाला दिसत होतं, आणि म्हणून तर तिला तक्रार करायलाही जागा नव्हती. नवऱ्याचे खिसे तपासणाऱ्या बायका तिला माहीत होत्या. हिनं काय तपासायचं? शिपायाची कंबर?

"पोरगी हुशार हाय बाई," सासूबाई प्रीती गेल्यावर म्हणाल्या. त्यांचं नाव आक्काताई, पण सगळं घर त्यांना आक्काच म्हणायचं. "आपल्या घरात कुणाला एवढं कळतंय?"

"मी बीएस्सी आहे, आक्का."

"व्हय की. पर तुला भावल्यातलं कुठं कळतंय?"

प्रीती दर रविवारी यायला लागली. निशिगंधा चार वर्षांच्या ईश्वरीला मांडीवर घट्ट धरून बसायची, कारण पोरीनं एकदा स्टुलावर चढून कपाटाच्या काचेला नाक लावलं होतं आणि संग्रामचा आवाज खालच्या बिऱ्हाडापर्यंत गेला होता. पोरीनं हात लावायचा नाही, बायकोनं लावायचा नाही. प्रीतीनं लावायचा.

एका रविवारी निशिगंधा स्वयंपाकघरात डाळ घोटत होती. बाहेरून आवाज आला.

"बर्फातला पांढरा शिपाई माझ्याकडे दोन आहेत," प्रीती म्हणत होती. "एक तुम्हाला."

"मग तुला काय देऊ? बोल."

"माझ्याकडे लाल केसांचीच नाही. पण ती तर वहिनींची ना? तुम्हीच सांगितलं होतं."

रवी डाळीतच थांबली.

"तिची म्हणजे काय, नावाला," संग्राम म्हणाला. "ती कुठं बघतीय? सहा वर्षांत एकदा विचारलं न्हाय. पुढच्या रविवारी घेऊन जा."

नवरा विसरला असता तर चाललं असतं. पण तो विसरला नव्हता. परक्या मुलीला कौतुकानं सांगण्याइतकं त्याला आठवत होतं. आणि 'वहिनींची ना?' हा प्रश्न विचारायचा मान पण तीच घेऊन गेली. निशिगंधाला हे जास्त झोंबलं.

बाहेर जाऊन म्हणावं, नाही द्यायची. दोन शब्द. पण प्रीतीसमोर, डाळीच्या हातांनी, प्लॅस्टिकच्या बाहुलीसाठी भांडायचं? ती म्हणाली असती, घ्या ना वहिनी, तुमचीच आहे. तिच्या हातून परत घेण्यापेक्षा नको ती.

त्या आठवड्यात नवरात्राची धुणी निघाली. गोधड्या, चादरी, पडदे, सगळं पंचगंगेवर नेऊन आपटून आणलं. ठेवणीतल्या साड्यांना ऊन दाखवून झालं आणि घड्यांत ठेवायला डांबर गोळ्यांची पुडी निघाली. निशिगंधाला या गोळ्यांची भारी धास्ती. पांढऱ्याशुभ्र, पेपरमिंटसारख्या, पोरीनं तोंडात टाकली तर? ती एकेक गोळी मलमलच्या चिंधीत बांधून गाठ मारायची.

"त्या कपाटात बी टाक," आक्का म्हणाल्या. "शिपायांच्या पुठ्ठ्याच्या पाकिटास्नी कसर लागलीया. सगळ्या फळ्यांवर एकेक टाक."

निशिगंधाच्या हातातली गोळी हातातच राहिली.

कॉलेजात असताना तिच्या आईच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या बांगड्या आणि डांबर गोळ्या एकत्र राहिल्या होत्या. उघडल्यावर बांगड्यांचा एकच चिकट गोळा झालेला. तिनं तो कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेला होता. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवला होता: गोळीची वाफ प्लॅस्टिकात शिरते आणि त्याला मऊ करते. त्या दिवशी सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"टाकते," ती म्हणाली.

एकच टाकली. लालीच्या मागं, पाठीला टेकवून, चिंधी न बांधता. बाकीचे शिपाई जरा बाजूला सरकवले. कपाट लावलं. मग हात धुतले, दोनदा.

बुधवारी संग्राम दुकानात आणि आक्का भजनाला गेल्या असताना तिनं कपाट उघडून पाहिलं. वास भपकन अंगावर आला. तिनं लालीच्या पाठीला हलकेच करंगळी लावली. पाठ चिकटली. करंगळी सोडवली तर रेघांसकट ठसा उमटलेला. गोळी आता काढली तर तेवढ्यावर निभावलं असतं. तिनं काढली नाही. माझी नाही तर कुणाचीच नाही, असं काहीतरी ती पुटपुटली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

रविवारी प्रीतीनं पर्समधून पांढरा शिपाई काढला. संग्रामनं तो आधी कपाळाला लावायचाच बाकी ठेवला. मग कपाट उघडलं.

"वास कसला?" प्रीती चटकन उठली. "डांबर गोळी? आत? अरे देवा, दादा!"

लाली उचलली तर तिच्या तळव्यांना चिकटून फळीवरचा कागद फाटून आला. पाठ पाघळलेली, लाल केस मानेला चिकटलेले. संग्रामनं ती उजेडात धरली, आणि ठसा दिसला. बारीक, नाजूक.

"इशू!"

कोपऱ्यात चित्रं रंगवत बसलेली पोरगी दचकून उठली. संग्रामनं तिचा दंड धरून तिला कपाटासमोर ओढलं. "किती येळा सांगितलं? किती येळा? गोळी पण तूच टाकलीस न्हवं? हात लावलास का न्हाय?"

"मी न्हाय पप्पा…"

"खोटं बोलतीस? हे बोट कुणाचं मग?"

पोरीचा ओठ थरथरायला लागला. तिनं आपलंच बोट वर करून पाहिलं, खरंच आपलं असेल की काय, अशा नजरेनं. संग्रामचा दुसरा हात वर गेला.

"सोडा तिला," निशिगंधा म्हणाली. "बोट माझं आहे."

हात वरच राहिला.

"गोळी मी ठेवली."

"मीच सांगितलं व्हतं की तिला," आक्का घाईनं मध्ये पडल्या. "कसर लागंल म्हणून. तिला काय ठावं, वितळतंय ते?"

"ठाऊक होतं, आक्का. केमिस्ट्री झालीय माझी." आता तिला थांबवत नव्हतं. "तुम्ही सगळ्या फळ्यांवर ठेव म्हणालात. मी एकाच ठिकाणी ठेवली."

"का?" संग्रामला खरोखरच कळत नव्हतं. "अगं, का पण?"

"ती माझी होती."

"मग सांगायचंस की!"

"तुम्ही विचारायचंत की!"

ईश्वरी आईच्या पायाला येऊन बिलगली. तिच्या दंडावर चार बोटं लाल उठली होती. निशिगंधानं तिला उचलून घेतलं. ते वळ उठवणारा हात एकटा संग्रामचा नव्हता, हे तिला कळत होतं. लेकरानं वर केलेलं ते एवढंसं बोट तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

प्रीतीनं पांढरा शिपाई पर्समध्ये परत ठेवला. चपला घालताना ती निशिगंधाकडे वळली. "वहिनी, तिला वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको. वास जाईल, चिकटपणा पण जाईल. ठसा राहील." मग जरा थांबून म्हणाली, "मी मागायलाच नको होती."

एवढं सगळं झालं, तरी हेसुद्धा हिलाच माहीत, असं निशिगंधाच्या मनात आलंच.

आठवडाभर संग्राम घरात मोजकं बोलला. जेवायला वाढलं की जेवायचा, पोरीला मात्र रोज रात्री येताना काहीतरी घेऊन यायचा. कपाटात लालीच्या जागी फाटक्या कागदाचा एक चौकोन तसाच राहिला. लाली स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी, गजाला टेकून उभी होती. ईश्वरीला तिच्याशी खेळायची मुभा होती. ती तिला रोज बरणीवर चढवायची आणि उतरवायची.

पुढच्या रविवारी प्रीती आली नाही. संग्रामनं कपाट उघडलं नाही. सकाळीच दुकानात जाऊन कुणाची तरी गाडी खोलून आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हातात शिपायांची धूळ झाडायचा मऊ ब्रश.

"वास गेला व्हय तिचा?"

"गेला."

"पाठीचं जरा घासून बघतो. न्हाय, ठसा न्हाय काढत. बाकीचं." तो खिडकीकडे बघत होता, पुढे येत नव्हता. "बघू?"

निशिगंधानं कांदा चिरता चिरता त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस.

"हात धुवून या आधी."

तो मोरीत गेला. साबणाची डबी वाजली, नळ सुटला. निशिगंधानं विळी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि लालीला खिडकीतून उचललं. पाठीवरचा ठसा तिच्या करंगळीखाली बरोबर बसत होता. नळ अजून वाहत होता. तो परत येईपर्यंत लालीला पुन्हा खिडकीत ठेवायचं की डाळीच्या डब्यामागं लपवायचं, हे तिचं अजून ठरत नव्हतं.