दहाव्या चित्रातला पाना

खोकं आलं ते सकाळी साडेअकराला, आणि निघायचं होतं दुसऱ्या दिवशी पहाटे.

वहिनीनं सही केली आणि खोकं लेकरासारखं पोटाशी धरून थेट बोळात नेलं. घर आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या त्या अरुंद बोळात नणंदेची मोटारसायकल उभी असायची. दणकट, लांब पल्ल्याची, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. नणंद दवाखान्यात नर्स होती. घरात तिला चिमणी म्हणत, आणि ही चिमणी दारातून आत येताना मान वाकवायची.

आजवर चिमणी एकटीच भटकायची. कारण साधं होतं. सामानाची भलीमोठी बॅग मागच्या सीटवर बांधावी लागे. ती बॅग खात नव्हती, पीत नव्हती, पण एका माणसाची जागा अडवून बसायची. आता गाडीच्या दोन्ही बाजूंना खोक्यातल्या लोखंडी चौकटी बसणार होत्या आणि त्यांच्यावर दोन पेट्या अडकणार होत्या. किल्ली फिरवली की पेटी सुटते, मुठीला धरून खोलीत न्यायची, सकाळी परत अडकवायची. सामान बाजूला गेलं की सीट मोकळी. आणि ती सीट वहिनीची.

डोंगर ओलांडून पलीकडच्या मोठ्या तळ्यापर्यंत, दोन रात्री. अर्ध्या रस्त्यात गाडी वहिनीनं चालवायची, असं चिमणीनं कबूल केलं होतं. रिकाम्या मैदानावर तिनंच तिला शिकवलं होतं. वहिनीची लेक ठकी दीड वर्षाची झाली होती आणि या दीड वर्षात वहिनी एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. आठ दिवसांपासून शिलाई मशीनवर बसलं की तिचे पाय आपोआप जोरात चालायला लागत. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय तिनं एकमेकांना शिवून ठेवले होते.

अडचण एकच. बोळावर उघडणाऱ्या खिडकीच्या आत ठकी झोपायची. एक ते तीन. त्याच वेळात काम उरकायचं, आणि तेही आवाज न करता.

"ऑपरेशनला सुद्धा एवढी शांतता नसते गं," चिमणी गुडघ्यांवर बसत कुजबुजली.

"तिथला पेशंट भूल दिलेला असतो. इथला नाहीये. दे इकडे तो जोडणीचा कागद."

"कागद कशाला? नुसती चित्रं आहेत. अक्षर नाही एक." चिमणीनं कागद बाजूला सारला आणि पाना उचलला.

काम भराभर झालं. सीटखाली दोन बोल्ट, पायदानापाशी एक, आणि उजवी चौकट सायलेन्सरला वळसा घालून जागेवर बसली. चिमणीनं ओठ दातांत धरून प्रत्येक बोल्ट असा आवळला की तिच्या मानेची शीर दिसावी. मग डावी चौकट. मध्येच एक वॉशर हातातून निसटला, फरशीवर घरंगळत गेला, भिंतीला आपटून गोल गोल फिरला आणि आडवा पडला. दोघी श्वास धरून खिडकीकडे बघत राहिल्या. आतून एक उसासा आला. कूस बदलल्याचा आवाज. मग काही नाही.

"तुझ्या लेकीचे कान फार तिखट गं," चिमणी म्हणाली.

आता उरली होती मागची आडवी पट्टी. ती दोन्ही चौकटींना जोडायची. ती नसेल तर भरलेल्या पेट्या खड्ड्याखड्ड्याला हेलकावणार. डाव्या बाजूचं भोक जुळलं. उजवं जुळेना. पेन्सिलीच्या जाडीएवढं अंतर राहिलं होतं. चिमणीनं पट्टी ओढली, दाबली, उलटी करून पाहिली, दोन शिव्या हळू आवाजात घातल्या. अंतर तेवढंच.

"चुकीची पाठवलीय. भोक मोठं करू. समोरच्या सुताराकडे ड्रिल आहे."

"आणि ठकी?"

"उठेल आणि झोपेल परत."

"तू तिची आत्या ना? मग तुमची अजून ओळख झालेली दिसत नाही."

"वहिनी, सव्वादोन झालेत. मला सुट्टी तीनच दिवस आहे." चिमणी टाचांवर बसली, हात पुसले. तिचा आवाज एकदम मऊ झाला, दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतानाचा. "नाहीच बसलं तर मी बॅग बांधून जाते. तुला पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी. हे दोन शब्द वहिनीच्या चांगल्या ओळखीचे होते. सातवा महिना चालू होता तेव्हा ते ऐकले होते, ठकी अंगावर पीत होती तेव्हाही. तेव्हा ते खरे होते. आज मात्र गाडी समोर होती, पेट्या समोर होत्या, आणि मध्ये फक्त पेन्सिलीएवढी फट.

"बटण लागत नाही म्हणून मी काज मोठं करत नाही," ती म्हणाली. "खांदा कुठे चुकलाय ते बघते. दे तो कागद."

ती फरशीवर मांडी घालून बसली. शिवणाच्या कागदी नमुन्यांवर तिची नजर तयार झालेली. खुणा, बाण, ठिपके तिला बोलके वाटत. तिनं बोट ठेवत चित्रं पाहिली. एक, दोन, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून.

"चिमणे, हे बघ. या चित्रात काय आहे?"

"बोल्ट."

"आणि?"

"हात."

"दोन बोटांनी धरलाय. इथेही बोटं. इथेही. नऊ चित्रांत नुसती बोटं आहेत. पाना दहाव्या चित्रात येतो, आणि तोपर्यंत पट्टी बसलेली आहे."

चिमणीनं कागद हातात घेतला. चित्रातली बोटं मोजत ती दहाव्यापर्यंत गेली.

"सगळे सैल ठेवायचे होते," ती शेवटी म्हणाली.

"आधी कच्चा धावदोरा. सगळं जागेवर आलं की टीप. तू पहिल्याच बाहीला पक्की टीप मारून बसलीस."

"मग काय, उसवायचं?"

"उसवायचं. माझा अर्धा जन्म त्यातच चाललाय. घे पाना."

सहाच्या सहा बोल्ट ढिले केले. चिमणीनं इतके आवळले होते की तिलाच ते सोडवताना घाम फुटला. वहिनी हाताची घडी घालून बघत होती, आणि ते चिमणीला जास्त झोंबलं. चौकटी आता किंचित डुलत होत्या. वहिनीनं दोन्ही हातांनी त्या जवळ आणल्या, बाही बगलेला लावून बघावी तशा. पट्टी भोकाशी आली. अडली. तिनं करंगळीनं उजवी चौकट जराशी वर उचलली.

बोल्ट आत गेला. दोन बोटांनी फिरवत गेला, शेवटपर्यंत.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओरडायची सोय नव्हती, म्हणून चिमणीनं वहिनीच्या दंडाला कडकडून चिमटा काढला.

मग आवळणं. एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा, फेरीफेरीनं. आता पाना वहिनीच्या हातात होता आणि चिमणी बाजूला बसून कागद धरून होती, शहाण्या विद्यार्थिनीसारखी. वहिनीनं चौकट धरून हलवली. अख्खी गाडी हलली, चौकट नाही.

पेट्या अडकवल्या. खट्. खट्. बंद बोळात तो आवाज केवढा तरी झाला, आणि खिडकीतून ताबडतोब उत्तर आलं, "आई."

"उठली तुझी साहेबीण."

"उठू दे," वहिनी म्हणाली. "झालंय आपलं."

तिनं ठकीला कडेवर घेऊन बाहेर आणलं. ठकी झोपेचे डोळे चोळत नव्या पेट्यांकडे बघत राहिली आणि मग तिनं एका पेटीवर तळहातानं थापट्या मारल्या. तेवढ्यात ठकीचे बाबा, चिमणीचे दादा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. उद्यापासून तीन दिवस लेक एकट्यानं सांभाळायची म्हणून ते सरावाला आले होते, असं त्यांचं म्हणणं. चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरासारखा होता. वहिनीनं ठकीला त्यांच्या हातात दिलं.

"वजन घालून चालवून बघायला हवी," चिमणी म्हणाली. मग दोन्ही पेट्यांत पडद्यांच्या कापडाचे तागे कोंबले गेले, वर इस्त्री. गाडी बोळातून ढकलत रस्त्यावर आली. चिमणी पुढे बसायला निघाली, तर वहिनीनं हँडल आधीच धरलं होतं.

"तू मागे बस. माणूस मावतं का ते कळायला नको?"

चिमणी मागे बसली. मावली. तिचे लांब पाय पायदानावर टेकले, टाचा पेटीला लागल्या नाहीत. गाडी धडधडली आणि ती धडधड वहिनीच्या तळपायांतून दातांपर्यंत गेली. गल्ली मागे पडली, किराण्याचं दुकान मागे पडलं, शाळेची भिंत गेली. पहिल्या खड्ड्याला तिनं कान टवकारले. काही खडखडलं नाही. दुसऱ्याला तिनं मुद्दाम वेग कमी केला नाही.

"बास, कळलं. पक्कं आहे," चिमणी तिच्या कानाशी म्हणाली. "इथून वळ. दादा ठकीला घेऊन दारात उभा असेल."

"पुढच्या चौकातून वळते."

चौक आला. वहिनीनं आरशात पाहिलं, वळायचा हात दाखवला नाही, आणि सरळ गेली.