यंत्राच्या कपाळावरची पट्टी

वैशाखाचं ऊन. खटावच्या माळावरचं आधी पिवळं, मग पांढरं, मग रंगच हरवून बसलेलं ऊन. उघड्याबोडक्या टेकड्यांवरून घरंगळणारं, बाभळींच्या विरळ सावल्या चाटूनपुसून खाणारं, भरदुपारी विहिरीच्या तळाशीही डोकावून येणारं ऊन.

आणि त्या उन्हाच्या ऐन मधोमध मोहिनीचं हरितगृह. दुधाळ कापडाचं, कमानदार छताचं, आत रंगांचा दरबार भरलेलं. शेंदरी जर्बेरा, केशरी जर्बेरा, गुलाबी जर्बेरा. लांबसडक देठांवर तोललेली, सूर्यबिंबाकार, स्मितवदन फुलं. मोहिनीचं ते पहिलंच पीक. नणंदेचं, सोनलचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि मोहिनी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसली होती की मांडवाला बाजारचं एक फूल लागणार नाही.

हरितगृहाचं शास्त्र तसं सोपं. मुळांना बेताचं पाणी, पानांना हवेतली ओल. हवा कोरडी पडली की कोपऱ्यात टांगलेली एक पांढरी डबी ते ओळखायची आणि छताखालच्या नळ्यांतून धुकं सुटायचं. शुभ्र, सूक्ष्म, शीतल धुकं. पानापानांवर मोती ठेवत, देठादेठांना कुरवाळत उतरणारं धुकं. मोहिनीला ते सोनलच्या मेंदीपेक्षा सुंदर वाटे.

हौसाबाईला वाटत नसे. हौसाबाई म्हणजे सोनलची आई, मोहिनीची सासू, आणि कुरडईच्या बाबतीत पंचक्रोशीतला शेवटचा शब्द. लेकीच्या रुखवतात मांडायच्या कुरडया वाळवायला तिला हरितगृहाइतकी पवित्र जागा सापडली नव्हती. तिथे कावळा नाही, कुत्रं नाही, वाऱ्याबरोबर येणारी माती नाही. मोहिनीने रिकामा कोपरा देऊन टाकला होता. तिथे जुन्या लुगड्यांवर शुभ्रवर्णा, जाळीदार, चंद्राकार कुरडया ओळीने पहुडल्या.

पहिल्याच दुपारी धुकं सुटलं आणि कुरडयांचा पुन्हा चीक होऊ लागला. हौसाबाईने रागारागाने ती पांढरी डबी गाठली, हात लावला, आणि तिचा राग जागच्या जागी विरघळला. डबी तापली होती! तीन लेकरं वाढवलेल्या त्या हाताला वेगळं निदान सुचणंच शक्य नव्हतं. तापात माणूस बरळतं, तसं हे बापडं धुकं बरळत होतं. तिने लुगड्याचा एक तुकडा पाण्यात बुडवला, पिळला आणि डबीच्या कपाळावर पट्टी ठेवली.

थोड्याच वेळात धुकं थांबलं. हौसाबाईने कुणाला काही सांगितलं नाही. घरगुती औषधाचा गाजावाजा करण्याची तिला सवय नव्हती.

मग एकेक फूल झुकू लागलं. आधी शेंदरी झुकलं, मग केशरी, मग गुलाबी. माना कलल्या, पाकळ्या म्लान झाल्या, पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या. मोहिनीने दारापाशी लावलेल्या पडद्यावर डबीने दाखवलेला आकडा पाहिला. हवेत ओल ऐंशी टक्के! म्हणजे तहान मुळांनाच असणार. तिने पाणी दिलं. माना आणखी कलल्या, तिने आणखी पाणी दिलं. वाफ्यात चिखल आणि हवेत भट्टी. पाय पाण्यात आणि घसा कोरडा, अशी बिचाऱ्या झाडांची गत झाली. वाळवणाच्या कोपऱ्यात इतकी लुगडी आणि फडकी होती की डबीवरचं एक फडकं कुणाच्या डोळ्यांत भरणार?

मांडववाल्याने प्लास्टिकच्या फुलांचा नमुना पाठवला, त्या दुपारी मोहिनी वाफ्याच्या कडेला मटकन बसली.

"आई, काय चुकलं हो माझं? पाणी देऊन देऊन हात दुखले. यंत्र म्हणतंय हवेत भरपूर ओल आहे. मग फुलं का माना टाकतायत?"

हौसाबाई रुखवताच्या शेवटच्या कुरडया उलटत होती. "यंत्राची नगं काळजी करू. त्याचा ताप उतरलाय कवाच."

"ताप?"

"मग! कसलं तापलं हुतं त्याचं डोस्कं. दिसातनं तीनदा पट्टी बदलती मी. तवापास्नं कसं गप हाय बघ."

मोहिनीने मान वळवली. डबीच्या कपाळावर, निगुतीने घडी घातलेली, ओलीगच्च पट्टी. हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"आई, ते त्या फडक्याची ओल सांगतंय! त्याला वाटतंय, सगळीकडे पाऊस पडतोय!"

हौसाबाईने फुलांकडे पाहिलं. मग कुरडयांकडे पाहिलं. मग पुन्हा फुलांकडे. तिचा चेहरा झर्रकन उतरला.

"माझ्या सोनीच्या मांडवाला पिलाश्टिक? माझ्यापायी?"

"थांबा, आधी कुरडया उचलू…"

पण पश्चात्तापही हौसाबाईला गरमागरमच लागे. पट्टी केव्हाच तिच्या हातात आली होती.

क्षणभर काहीच झालं नाही. दोघी कुरडयांवर तुटून पडल्या, पदर भरू लागल्या. आणि छत निःश्वासलं. इतक्या दिवसांचं कोंडलेलं धुकं एकदम सुटलं. फुलांवर धुकं, कुरडयांवर धुकं, सासूच्या अंबाड्यावर धुकं, सुनेच्या पापण्यांवर धुकं. त्या धवल गोंधळात एकमेकींना धडकत दोघी हसत सुटल्या. अर्ध्या कुरडया वाचल्या, अर्ध्या बसल्या.

मोहिनीने पाणी बंद केलं, वाफे सुकू दिले, फक्त धुकं चालू ठेवलं. आणि एका पहाटे शेंदरी फुलांनी मान उचलली. मग केशरी, मग गुलाबी.

लग्नाचा मांडव रंगांनी असा ओसंडला की प्लास्टिकवाल्यानेही फोटो काढला. रुखवतात मात्र वरमावशीची नजर नेमकी कुरडयांवर गेली. "विहीणबाई, ह्या अशा बसक्या कशा?"

"त्यास्नी धुकं बाधलं," हौसाबाई शांतपणे म्हणाली.

संध्याकाळी पाठवणी झाली. सोनल रडली, गाव रडलं. हौसाबाई रडली नाही. पापडांचा डबा कुठे ठेवलाय ते तिने लेकीला दोनदा सांगितलं, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, आणि मग रिकाम्या मांडवात सतरंजीवर आडवी झाली. कपाळ तापलेलं. डोळे माळासारखे कोरडे, ठणठणीत कोरडे.

मोहिनी आली. फडकं तेच होतं. तिने ते बुडवलं, पिळलं, निगुतीने घडी घातली आणि सासूच्या कपाळावर ठेवलं.

या वेळी पट्टी ठेवली आणि धुकं डोळ्यांतून सुटलं. मोहिनीने ते थांबवलं नाही. वर शेंदरी, केशरी, गुलाबी फुलं ताठ मानेने उभी होती. आणि खाली हौसाबाई, दिवसभर कोरडी राहिलेली, हळूहळू ओली होत होती.