साठ अभ्र्यांची झोप

थकव्यावरचे माझ्याइतके उपाय आमच्या अख्ख्या लाँड्रीत कुणाला ठाऊक नव्हते, आणि त्याचा मला माज होता. मनगटांवर आणि मानेवर गार पाणी मारायचं. तासातासाला टाचा उचलून वीस वेळा वर-खाली व्हायचं. डब्याच्या आधी मूठभर शेंगदाणे खायचे. चहा दिवसाला दोनच, तिसरा घेतला की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. कुणी जांभई दिली की मी तिथे हजर. "थकवा म्हणजे आळसाचा धाकटा भाऊ," असं मी सगळ्यांना ऐकवायचे. बायका हसायच्या. माझ्या पाठीमागे काय म्हणायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

लाँड्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आहे. एका टोकाला ओली बाजू: तिथे धुऊन निघालेले कपडे मशिनांतून ओढून काढायचे आणि ढकलगाडीत भरून ड्रायरपर्यंत न्यायचे. एकेक बोचकं असं जड की नव्या माणसाची कंबर आठवड्यात बोलायला लागते. दुसऱ्या टोकाला कोरडी बाजू, म्हणजे आम्ही घडीवाल्या. चादरीला दोघी लागतात, म्हणून आम्ही जोडीजोडीने उभ्या. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, झटकायची, ताणायची, पुढे येऊन कोपरे जुळवायचे. सकाळी सहाला सुरू केलं की दहापर्यंत त्या वाफेत माणसाचं पार भरीत होतं.

म्हणून 'साठी' होती. आमच्या आधीच्या बायकांनी पाडलेली पद्धत. दहानंतर जोडीतल्या एकीने कपाटामागच्या ब्लँकेटांच्या ढिगावर आडवं व्हायचं. दुसरीने तेवढ्या वेळात उशांचे अभ्रे घ्यायचे, कारण अभ्रा एकटीला जमतो. हात आत घालून उलटा करायचा, फट्‌ करून झटकायचा, तीन घड्या. साठ अभ्रे झाले की झोपलेलीला उठवायचं आणि पाळी बदलायची. घड्याळाचा प्रश्नच नव्हता. हातातलं घड्याळ, बांगड्या, अंगठी, मोबाइल सगळं सकाळीच लॉकरमध्ये जायचं, कापडाला अडकतं म्हणून. भिंतीवरचं एकुलतं एक घड्याळ कोपऱ्यापलीकडे, मुकादमबाईंच्या केबिनमध्ये. बाईंना साठी ठाऊक होती, पण त्या वेळेला त्यांचं नेमकं कागदांत काम निघायचं.

माझी जोडी काकूंशी. काकू साठीला टेकलेल्या, गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. मला त्या भिंगरी म्हणायच्या आणि मग सगळेच म्हणायला लागले. मी कामावर परत आले तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. रात्रभर जागायची आणि जागवायची. पहिल्या दिवशी मी चादर धरून उभ्याउभ्याच डुलकी घेतली, तेव्हा काकू म्हणाल्या, "भिंगरी, आधी तू पड. मी करते अभ्रे."

तेव्हापासून तीन वर्षं हाच क्रम. आधी मी, मग त्या. साठीतून मी उठायचे ती टवटवीत, आता मारामारी करा म्हटलं तरी तयार. काकू मात्र उठायच्या त्या सुजल्या डोळ्यांनी. दोन मिनिटं नुसत्या बसून राहायच्या. दुपारी चादर ताणताना त्यांचा हात ढिला पडायचा, कोपरा सुटायचा, आणि मला पुन्हा वाकावं लागायचं.

"काकू, साठी घेऊनही तुमची बुद्धी नाठीच," मी म्हणायचे.

"नाठी तर नाठी," त्या म्हणायच्या. "कोपरा दे."

मी त्यांना गार पाणी सांगितलं, टाचा सांगितल्या, शेंगदाणे माझ्या पुडीतले दिले. त्यांनी सगळं केलं. निमूटपणे टाचासुद्धा उचलल्या. फरक काही पडेना, आणि मला राग यायला लागला. माझ्यासारखंच काम, माझ्यासारखीच झोप, मग या बाईला एवढं थकायला झालं काय? वय झालं की माणसाने आपण होऊन बाजूला व्हावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. लपवून काय करू?

मग एका महिन्यात आमच्या जोडीच्या चादरी कमी निघाल्या. मुकादमबाईंनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावून कारण विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "काकूंच्यात आता दम राहिला नाही, बाई," मी म्हणाले. "मी किती ओढू?"

बाईंनी मान हलवली. पुढच्या सोमवारी काकूंना ओल्या बाजूला पाठवलं. तिथे मोजणी नसते, नुसती ओढणी असते. मला वाटलं होतं, त्यांना रफूच्या टेबलावर बसवतील. असं वाटलं होतं हे खरं आहे, पण ते मी केबिनमध्ये बोलले नव्हते, हेही खरं आहे.

नवा जोडीदार आला इस्त्रीतून. उंच, काटकुळा, सगळे त्याला शिडी म्हणत. हाताला चपळ, अगदी माझ्या तोडीचा. पहिल्याच दिवशी चादरी अशा निघाल्या की मुकादमबाई बाहेर येऊन बघून गेल्या. दहा वाजता मी ब्लँकेटांवर पडले आणि शिडीने अभ्रे घेतले.

"ऊठ, झाले," तो म्हणाला.

मी उठले तेव्हा डोकं शिशासारखं जड. डोळ्यांत वाळू. मी त्याच्यावर खेकसलेच. "एवढ्यात? अरे, आत्ता तर डोळा लागला माझा! पहिल्याच दिवशी लबाडी?"

"लबाडी?" शिडीने गठ्ठे माझ्यापुढे मांडले. दहादहाचे सहा. "मोज."

मी मोजले. साठ. म्हटलं, असेल, आज झोप नीट लागली नसेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातून चादरीचा कोपरा सुटला. शिडीला पुन्हा वाकावं लागलं. त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला ओळखीची वाटली. ती माझीच होती.

चौथ्या दिवशी मी आडवं होण्याआधी कोपऱ्यापर्यंत जाऊन केबिनमधलं घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. शिडीने उठवल्यावर परत जाऊन पाहिलं. दहा सतरा. मग तो झोपला आणि मी अभ्रे घेतले, रोजच्यासारखे, फटाफट. साठ झाल्यावर त्याला उठवायच्या आधी पुन्हा घड्याळापाशी गेले. बारा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी तिथेच काचेला हात टेकून उभी राहिले. म्हणजे तीन वर्षं मी काकूंना बारा मिनिटांत उठवत होते. मला स्वतःच्या चपळाईचं कौतुक, जितकी मी चपळ तितकी त्यांची झोप तोकडी. आणि काकू संथ, म्हणून माझी झोप लांबलचक. त्यांच्याकडून मी उठायचे तेव्हा दहाचा चहा येऊन गार झालेला असायचा, हे मला आत्ता आठवलं. त्यांचीच झोप खाऊन मी त्यांनाच टाचा उचलायला सांगत होते.

डब्याच्या सुट्टीत मी ओल्या बाजूला गेले. काकू उलट्या बादलीवर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे पडून सुरकुतलेले, मनगटाला फडकं बांधलेलं. डबा मांडीवर तसाच, उघडलेलाही नव्हता.

"काकू, डबा खा ना."

"खाते गं. हात जरा थांबू देत थरथरायचे."

मी खाली बसले आणि एका दमात अभ्र्यांचं सगळं सांगून टाकलं. बारा मिनिटं, घड्याळ, शिडी.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू अभ्रे झटकतेस ते ऐकू येतं ना. गाढ झोपेतही कळायचं, आली बया चाळिसाव्या अभ्र्याला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हळू कर म्हणू? तू हळू जेवत नाहीस, हळू बोलत नाहीस, अभ्रे काय हळू करणार!" त्या हसल्या. "मी जात्याच संथ. तुला जरा जास्त झोप मिळाली, त्यात तुझा काय दोष? तान्हं पोर होतं घरी."

पोर आता तीन वर्षांचं झालंय आणि रात्रभर घोरतं, हे मला तिथे सांगायला हवं होतं. आणि ओल्या बाजूला तुम्हाला कुणाच्या शब्दाने आणलं, तेही. दोन्ही बोलायला तोंड उघडलं नाही. अर्धं पाप सांगून मी अर्धं परत घेऊन आले, आणि ते अर्धं पहिल्यापेक्षा जड होतं.

पण केबिनमध्ये गेले. मुकादमबाईंना म्हणाले, "काकूंच्यात दम आहे. मी खोटं बोलले. त्यांची झोप मी खात होते." आणि साठीचं सगळं बाईंना तोंडावर सांगून टाकलं, जे ठाऊक नसल्याचं त्या इतकी वर्षं दाखवत होत्या.

बाईंनी चष्मा काढला. "गेल्या आठवड्यात दम नव्हता, आता आहे?"

"हो."

"कामाचे तक्ते रोज बदलायला हा काय पोरखेळ आहे?" बाईंनी तक्ता पुढे ओढला. "आठ दिवस देते. तुमच्या दोघींच्या चादरी शिडीबरोबर निघतात तितक्या निघाल्या, तर काकू इथेच राहतील. नाही निघाल्या, तर त्यांच्याबरोबर तूही ओल्या बाजूला. आहे कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मी काही शूर नाही. मला ओल्या बाजूची भीती वाटते.

सोमवारी काकू परत आल्या. शिडी इस्त्रीवर गेला तो शीळ घालत गेला. सहा ते दहा आम्ही चादरी काढल्या. काकूंचं मनगट दुखत होतं, मला प्रत्येक ताणाला कळत होतं. दहा वाजता त्या सवयीने म्हणाल्या, "आधी तू पड."

"नाही. आज आधी तुम्ही."

त्या आडव्या झाल्या आणि दुसऱ्या क्षणाला घोरायला लागल्या. मी अभ्रे घेतले. एकही झटकला नाही, आवाज नको म्हणून हातानेच सारखे केले. साठ झाले, मी घड्याळ पाहून आले, आणि पुन्हा अभ्रे घेतले. चांगली पंचवीस मिनिटं झाल्यावर त्यांच्या खांद्याला हात लावला. काकू उठून बसल्या. डोळे स्वच्छ. तीन वर्षांत त्यांचे डोळे मी असे पाहिले नव्हते. तेवढ्यानेच माझा बांध फुटला.

"काकू, तुमची तक्रार मी केली होती. बाईंना मीच म्हणाले, तुमच्यात दम नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एक थप्पड दिली असती तरी मी घेतली असती. त्यांनी पायात चपला सरकवल्या, ब्लँकेट हाताने सारखं केलं आणि म्हणाल्या, "बरं. पड आता. तुझी साठी राहिलीय."

मी पडले. ब्लँकेटं त्यांच्या अंगाने उबदार झाली होती. झोप कसली येते! डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले. फट्‌. एक. फट्‌. दोन. आता मनासारखं होऊ दे, आता त्यांनी मला दहा मिनिटांत उठवू दे, वीस अभ्र्यांत उठवू दे, म्हणजे फिटंफाट होईल, असं मी मनात म्हणत होते.

वीस झाले. तीस झाले. मोजता मोजता माझ्या ध्यानात आलं की आवाज पटापट येतोय. काकू संथ नव्हत्या. दुखऱ्या मनगटानेही त्यांचा अभ्रा जवळजवळ माझ्याच वेगाने होत होता. मी झोपेत असताना त्या अभ्रे कशा करतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी उठेपर्यंत गठ्ठे गाडीत गेलेले असायचे.

अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

पावलं माझ्याकडे आली नाहीत. फट्‌. एकसष्ट. मी उठून बसायला हवं होतं, पण बसले असते तर तीन वर्षांचं सगळं त्यांच्या तोंडावर उघडं पडलं असतं, आणि ते त्यांना नको होतं, म्हणूनच तर त्या बादलीवर बसून ‘मी जात्याच संथ’ असं खोटं बोलल्या होत्या. मी मोजत राहिले. सत्तर. ऐंशी. मध्ये एकदा आवाज थांबला, त्यांनी मनगट चोळलं असावं. मग पुन्हा सुरू झाला.

ब्याण्णवाव्या अभ्र्यानंतर गाडीत गठ्ठे ठेवल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

"ऊठ गं भिंगरी," काकू म्हणाल्या. "झाले साठ."