ब्रदर विक्रमनी वाढवलेला पाय

"हालेलुया!" टेकडीवरच्या क्रुसापाशी दोनशे माणसं एकदम ओरडली. ओरडतील नाही तर काय! ब्रदर विक्रमनी अकरा वर्षांच्या तनयाला खुर्चीत बसवून, बूट काढून, तिचा आखूड उजवा पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन इंच वाढवला होता.

उपवासकाळातली ही पदयात्रा पहाटे येरवड्याहून निघाली आणि लोहगावमागच्या टेकड्या तुडवत दुपारी इथे पोचली. तनयाची आई मैना अख्खी वाट अनवाणी आणि उपाशी चालली होती. पोरीच्या पायाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि मैनाला ते कसंही करून टाळायचं होतं. बरोबर तिची धाकटी बहीण निशा होती. निशा एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत उंच तळाचे बूट बनवायची. तनयाचाही तिनेच बनवला होता. चमत्काराची तिला हौस नव्हती. भाची दमली तर उचलून घ्यायला ती आली होती.

"हा बूट म्हणजे सैतानाचा खूर!" ब्रदर गरजले आणि त्यांनी तो उतारावरून खाली भिरकावला. "धाव, लेकरा! प्रभूने पाय दिलाय, धाव!"

तनया खरंच धावली. तिसऱ्या पावलाला तोंडावर आपटली आणि तिचा ओठ फुटला.

ब्रदरांची जीभ जराही अडखळली नाही. "प्रभूने दिलं होतं. हिच्या मनातल्या शंकेने परत गेलं."

लगेच माना डोलल्या. पुढे बसलेल्या मथुराबाई म्हणाल्या, "एवढीशी पोर, आणि मनात केवढं पाप!" आणि मैनाने, सख्ख्या आईने, रक्त पुसायचं सोडून विचारलं, "मनापासून प्रार्थना केली नाहीस ना तू?"

तनयाने मान खाली घातली. निशाच्या डोक्यात तिडीक गेली.

"मथुराबाई, आपण जरा इथे बसता का? पाय मलाही वाढवता येतात."

मथुराबाई हौसेने खुर्चीत बसल्या. निशाने त्यांच्या दोन्ही टाचा जुळवून धरल्या आणि हळूहळू त्यांच्या उजवीकडे नेल्या. उजवा पाय डाव्याच्या दोन बोटं पुढे आला.

"हालेलुया!" सवयीने सगळे ओरडले.

"अगं बाई! माझे पाय चांगले होते की!" मथुराबाई किंचाळल्या.

"अजूनही आहेत." निशाने टाचा डावीकडे नेल्या. आता डावा पाय पुढे आला. "बसलेल्या माणसाचे पाय एका बाजूला नेले की त्या बाजूचा पाय सरळ पडतो आणि दुसरा तिरका होऊन मागे राहतो. ब्रदरांनी तनयाचे पाय उजवीकडे नेले, एवढाच चमत्कार. आता उभ्याने मोजू."

तिने तनयाला उभं केलं. कार्यशाळेत लाकडी फळ्या सरकवतात तसे चपटे दगड ती एकेक करून तिच्या उजव्या पायाखाली सरकवत गेली. कमरेच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा दगडांची उंची दोन इंच भरली. सकाळी पाय जेवढा आखूड होता, तेवढाच आताही होता.

"ताई, श्रद्धा अशी मोजतात का?" ब्रदर हसले.

"श्रद्धा नाही, पाय मोजतेय. आपलाही वाढवू? की खाली उभ्या आपल्या जीपपर्यंत आहेत तेवढे पुरतील?"

पुरले; ब्रदर जीपकडे उतरून गेले. लोक जेवणाच्या रांगेत उभे राहिले. तनयाजवळ एकही माणूस आला नाही.

"मावशी, माझ्या मनात पाप होतं का गं?"

"नाही. चमत्कार खरा की खोटा, हे मनात डोकावून कळत नाही, मोजून कळतं. जो मोजू देत नाही आणि फसल्यावर आजाऱ्यालाच पापी ठरवतो, तो देवाचा माणूस नव्हे. हे कुणापुढेही विसरू नकोस."

मैना काट्यांतून बूट शोधून वर आली. तिचे तळवे रक्ताळले होते. "सोमवारी किती वाजता न्यायचंय?" तिने निशाला विचारलं आणि बूट घालायला ती तनयापुढे गुडघ्यांवर बसली.

तनयाने पाय मागे घेतला.

"मावशी घालेल," ती म्हणाली.