बाटली रिकामी ठेवू नये

"इथं सही करा," म्हणत मोठ्या साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि जागाही बोटानं दाखवली. अठ्ठावीस वर्षं मी या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवते, ओळखते आणि मारते. सही कुठं करायची ते मला कळतं. मी आधी कागद वाचला.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तीन आठवड्यांत चार जणांच्या जखमा चिघळल्या होत्या. चौघांच्याही पुवात एकच जंतू निघाला होता. सात नंबरच्या खाटेवरच्या ड्रायव्हरच्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. या सगळ्याचं कारण कागदावर एका ओळीत उरकलं होतं: सफाई कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. त्याखाली प्रयोगशाळेचा दुजोरा, म्हणजे मी. आणि सफाई कर्मचारी म्हणजे वॉर्डातली मावशी.

"मावशींनी केलं तरी काय?" मी विचारलं.

"फरशी धड पुसत नाही, बादली घाण, हात घाण. आणखी काय करायचं बाकी ठेवलंय? शनिवारी समिती बसतेय. तिला कामावरून कमी केलं की विषय संपला."

"जंतू तिच्या हातावर सापडला का?"

"अहो बाई, सापडेलच की. झाडूवाल्यांच्या हातावर नाही तर काय तुमच्या-माझ्या हातावर सापडणार?"

माझं डोकं तिथंच फिरलं. माझा स्वभाव मुळात तिरसट, आमच्या घरी विचारा हवं तर. "सापडला की सही करते," म्हटलं, आणि पेन त्यांच्याच टेबलावर ठेवून उठले.

मावशीला सख्खी बहीण नाही, तरी अर्धं इस्पितळ तिला मावशी म्हणतं. बुटकी, काटक, तोंडाची फटकळ. ओल्या फरशीवरून बूट घालून जाणाऱ्या सर्जनलाही ती दारात उभं करून ठेवायची. नवरा पाच वर्षं अंथरुणाला खिळलेला, आणि घर हिच्या एकटीच्या पगारावर. आमचं दोघींचं फारसं पटत नसे. पण पटणं वेगळं आणि एखादीच्या पोटावर पाय देणं वेगळं.

मंगळवारी मी कापसाचे बोळे आणि जेलीच्या प्लेटी घेऊन वॉर्डात गेले. ही जेली म्हणजे जंतूंना वाढलेलं पान. एखाद्या वस्तूवर फिरवलेला बोळा तिच्यावर टेकवायचा, रात्रभर उबेत ठेवायचा, सकाळी कोण कोण जेवायला आलं होतं ते कळतं. बादली, पोछा, नळ, दाराची कडी, पट्ट्या बदलायची गाडी, सगळीकडं बोळे फिरवले. मग मावशीपुढं प्लेट धरली.

"बोटं टेकवा."

"मला चोर ठरवताय?"

"ठरवत नाही, तपासतेय."

"तपासायला बरा माझाच हात दिसला."

"साहेबांचाही घेणार आहे."

"मग आधी त्यांचा घेऊन या," ती म्हणाली आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

मला हसूच आलं. पण गेले, खरंच गेले. साहेब फोनवर बोलत होते. मी प्लेट पुढं केली, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दारात दोन नर्स उभ्या होत्या, त्यामुळं बोटं टेकवावी लागली. मी परत येऊन ती प्लेट मावशीला दाखवली, तेव्हा कुठं तिनं हात पुढं केला.

बुधवारी सकाळी प्लेटी उघडल्या. मावशीच्या प्लेटीवर पाच-सात पांढरे ठिपके होते, जे कुणाच्याही कातडीवर असतात. साहेबांच्या प्लेटीवर चांगली वस्ती होती. पण आमचा गुन्हेगार कुठंच नव्हता. तो हिरवट दिसतो आणि प्लेटीचं झाकण उचललं की उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. चौघांच्या जखमांतून काढलेला तो जंतू मी निरनिराळ्या प्लेटींवर वाढवून त्याच्यापुढं सहा औषधांच्या टिकल्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. चौघांकडंही सहातल्या दोनच टिकल्या चालल्या, आणि त्याही त्याच दोन. म्हणजे चारही जंतू एकाच घराण्यातले. घराणं सापडलं होतं, फक्त घर सापडत नव्हतं.

मावशी दुपारी चौकशीला आली. दारातच उभी राहिली. प्रयोगशाळेत ती कधी आत येत नसे.

"निघालं का माझ्या हातावर?"

"नाही. कुणाच्याच नाही."

"आणि त्या औषधाच्या बाटल्यांत?"

"कुठल्या बाटल्या?"

"पट्ट्यांच्या खोलीतल्या, तपकिरी. जखमा ज्यानं पुसतात ते."

"अहो मावशी, ते जंतू मारायचं औषध आहे. त्यात जंतू कसा राहील?" मी हसले. शिकलेल्या माणसाचं हसू होतं ते, आज आठवलं तरी लाज वाटते. पण ती हलेना. तिचं तोंड बंद करावं म्हणून मी पाचही बाटल्यांतलं थोडं थोडं औषध आणलं आणि प्लेटींवर टाकलं.

गुरुवारी सकाळी उबेच्या पेटीचं दार उघडलं आणि वास आला. पाचही प्लेटी हिरव्यागार. मारेकऱ्याच्याच घरात जंतू सुखानं संसार करत होता.

मी तशीच पट्ट्यांच्या खोलीत गेले. एक बाटली उजेडात धरली, तर तळाला बुळबुळीत साय. आणि बाटल्यांच्या वर, भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये घालून लावलेलं एक कार्ड होतं. "कोणतीही बाटली रिकामी ठेवू नये. अर्धी होताच भरावी." अक्षर टपोरं, गोलसर, शिरोरेषा ठसठशीत. माझं अक्षर.

एकोणीस वर्षांपूर्वी मोठा अपघात झाला होता, एकदम अकरा जखमी आले आणि पाचही बाटल्या कोरड्या ठणठणीत. त्या दिवशी मी आकाशपाताळ एक केलं, साहेबांकडून नियम मंजूर करून घेतला आणि माझ्या हातानं हे कार्ड लिहून लावलं. माझ्या नियमाचं सगळ्यांनी किती कौतुक केलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत एकही बाटली कुणी तळापर्यंत रिकामी केली नव्हती. अर्धी झाली की वरून नवं औषध, आणि ते पातळ करायला पाणी. तळाचा माल तसाच. जंतूंचं सगळं आयुष्य माहीत असलेल्या मला हे सुचू नये?

"मी धुतली होती एकदा," मागून आवाज आला. मावशी पोछा घेऊन उभी होती.

मला आठवलं. बारा वर्षांपूर्वी, ती नवी असताना, तिनं यातली एक बाटली ओतून टाकली, घासली आणि खिडकीत पालथी घातली होती. मी भर वॉर्डात तिला म्हणाले होते, "औषधाला आंघोळ घालायला निघालात? अक्कल गहाण ठेवून आलात का?" नर्सा हसल्या होत्या, पेशंटही हसले होते. तिनं बाटली मुकाट्यानं भरून जागेवर ठेवली होती.

मी तिथंच बाकावर बसले. "बरोबर होतं तुमचं," म्हटलं.

"ते मला माहितीये. पण औषधात जंतू जगला कसा, ते सांगा."

मी सांगितलं. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात, अर्ध्या-अर्ध्या तासानं. प्रत्येक जण आपली घडण पोराला जशीच्या तशी देतो, पण लाखा-कोटीत एखाद्या वेळी नक्कल चुकते आणि एखादा जरा निबर निघतो. औषध कडक असेल आणि बाटली स्वच्छ असेल तर तोही मरतो. पण आपण औषधात पाणी घातलं. साधे जंतू मेले, निबर राहिला. त्याला रान मोकळं. पुढची सगळी पोरं निबर, आणि त्यांच्यातही जी जास्त निबर तीच पुढं राहिली. शिवाय हे जंतू गुण नुसता पोरांनाच देत नाहीत. शेजारी नात्यागोत्याचा नसला तरी ते त्याला चिकटतात आणि त्या गुणाचा तुकडा देऊन टाकतात.

"आमच्या गल्लीसारखं," मावशी म्हणाली. "एकीला कळलं की नळाला पहाटे पाणी येतं, की सगळ्या हंडे घेऊन हजर."

"अगदी तसंच."

"म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही त्यांची शाळाच चालवलीत की."

मी पाचही बाटल्या उचलून आणल्या आणि कोठीतून नव्या मागवल्या.

शुक्रवारी टिकल्यांचा निकाल आला. बाटल्यांतल्या जंतूपुढंही त्याच दोन चालल्या. घर सापडलं. मी अहवाल लिहून साहेबांकडं गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, उठून दार लावून घेतलं आणि एकदम गोड झाले.

"बाई, बाटल्या बदलल्यात ना? छान. कार्ड काढून टाका. आणि या प्लेटी आजच कुकरात घाला." कुकर म्हणजे आमचं वाफेचं यंत्र. त्यात शिरलेला जंतू जिवंत बाहेर येत नाही. "नियमच आहे, काम झालं की प्लेटी मारायच्या."

"आणि मावशी?"

"तिचं बघू आपण. कुणावर तरी ठपका लागणारच, आणि ती काय, कुठंही झाडू मारेल. तुमची अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे. नाव खराब होईल हो तुमचं."

"चार माणसांच्या जखमा खराब झाल्या, साहेब. माझं नाव काय सोन्याचं आहे?"

"मी नियम सांगतोय."

"नियम मला सांगू नका. नियम लिहूनच मी चार माणसं आजारी पाडली. समितीनं डोळ्यांनी बघेपर्यंत या प्लेटी कुकरात जाणार नाहीत. माझ्या हातानं तर नाहीच."

"तुम्ही त्या अहवालात स्वतःचं नाव लिहिलंय, कळतंय का तुम्हाला?"

"अक्षर माझं आहे, तर नाव कुणाचं लिहू?"

बाहेर आले ती तडक प्रयोगशाळेत. प्लेटी कपाटात घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी गेले. नवऱ्याला जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे सोमवारपासून डबा द्यायचा की नाही, एवढं फक्त सांगून ठेव." मी चिडले. ते म्हणाले, "अगं, तू मागं हटली असतीस तर मी डबाच दिला नसता." मग जरा जेवण गेलं.

शनिवारी समितीत तिघे होते आणि साहेब. मावशी दाराबाहेर स्टुलावर, तिला आत बोलावलंच नव्हतं. मी जखमांच्या चार प्लेटी एका बाजूला मांडल्या, बाटल्यांच्या पाच दुसऱ्या बाजूला, आणि झाकणं उचलली. वासानं खोली भरली. समितीच्या अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. मी अहवाल उभ्यानं वाचला. "जंतूचं उगमस्थान: जंतुनाशकाच्या बाटल्या. कारण: बाटल्या रिकाम्या न करता भरत राहण्याचा नियम. नियम लिहिणारी व्यक्ती: प्रयोगशाळा तंत्रज्ञ, म्हणजे मी. सफाई कर्मचाऱ्याचा दोष: नाही. तिनं बारा वर्षांपूर्वी बाटली धुतली होती, ते मी थांबवलं."

"एवढं लिहायची गरज होती का?" अध्यक्षांनी विचारलं.

"होती."

तासाभरानं निकाल सांगितला. मावशी कामावर राहणार. मी चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेच्या बाहेर, जुन्या केसपेपरांच्या खोलीत. साहेबांनी किल्लीसाठी हात पुढं केला. मी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या तळव्यावर ठेवली. अठ्ठावीस वर्षांत ती मी कुणाला दिली नव्हती.

बाहेर मावशी उठून उभी राहिली.

"तुम्ही राहिलात," मी म्हटलं.

"माझं चुकलंच नव्हतं, तर राहणारच." मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आत काय बोललात?"

मी सगळं सांगितलं, तिनं धुतलेल्या बाटलीचंसुद्धा. वाटलं, ही आता काहीतरी बरं बोलेल. निदान हात धरेल.

"दार लावून बोललात," ती म्हणाली. "माझी अक्कल काढलीत तेव्हा दार उघडं होतं. सगळा वॉर्ड हसला होता."

आणि ती पोछा उचलून गेली. राग आला मला. माझी नोकरी टांगणीला लागलीय आणि हिचं आपलं बारा वर्षांपूर्वीचं. जिन्याच्या चार पायऱ्या उतरले. मग थांबले. बाई खरंच बोलली होती.

मी वॉर्डात गेले. पट्ट्या बदलायची वेळ होती. नर्सा, नातेवाईक, पेशंट, सगळे होते. मावशी पलीकडच्या टोकाला फरशी पुसत होती. मी मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. या वॉर्डातल्या जखमा बाटल्यांमुळं चिघळल्या. बाटल्यांचा नियम माझा होता. मावशींनी बाटली धुतली होती, तेव्हा मी इथंच उभी राहून त्यांची अक्कल काढली. अक्कल त्यांना होती. मला नव्हती.

सात नंबरचा ड्रायव्हर उशीवरून उठून बसला.

"म्हणजे माझी बोटं..."

"हो," मी म्हटलं. "माझ्या नियमानं गेली."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच कुशीवर वळला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी त्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले. उठून जाणं जमेना.

नर्सा पुन्हा कामाला लागल्या. मावशी फरशी पुसत पुसत एकेक खाट मागं टाकत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"पाय उचला, बाई."

मी पाय उचलले. तिनं स्टुलाखालची फरशी कोपऱ्यापर्यंत पुसून घेतली, पोछा बादलीत पिळला आणि आठ नंबरच्या खाटेकडं गेली.